‘सर्वात मोठा पक्ष’ आणि आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी

नेरुळच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच फॉरवर्ड आला. दर निवडणुकीनंतर येतो, फक्त पक्षांची नावं बदललेली असतात. म्हणणं थोडक्यात असं: सर्वात जास्त जागा मिळवणाऱ्या पक्षालाच सरकार बनवायचा हक्क घटनेने दिलाय, निकालानंतर जुळवलेली आघाडी बेकायदा, १४५ आमदारांच्या सह्या दाखवल्याशिवाय शपथ देताच येत नाही, आणि आघाडीत मंत्रिपदं हवी तितकी वाटता येतात. बी विंगच्या काकांनी तो इमानेइतबारे पुढे ढकलला. काका, राग नसावा, पण यातलं एकही विधान खरं नाही.

पहिलं विधान. घटनेचं कलम १६४ काढून वाचा. मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतील आणि मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार राहील, असं त्यात आहे. ‘सर्वात मोठा पक्ष’ हे शब्द शोधूनही सापडणार नाहीत. प्रश्न पहिला नंबर कुणाचा हा नसतोच. सभागृह कुणाच्या पाठीशी आहे, हा असतो. आपल्या सोसायटीत तरी वेगळं काय होतं? सभासद कमिटी निवडतात आणि कमिटी आपल्यातून चेअरमन-सेक्रेटरी ठरवते. गेल्या खेपेला सर्वात जास्त मतं पडली त्यांच्या वाट्याला साधं खजिनदारपदही आलं नाही. तेव्हा कुणी घटना काढली नव्हती.

जरा बाहेर बघू. २०१५ च्या नवी मुंबई महापालिकेत १११ पैकी राष्ट्रवादीचे ५२ नगरसेवक आले, शिवसेनेचे ३८. सर्वात मोठा पक्ष राष्ट्रवादीच, पण निम्म्याच्या वर जायला ५६ हवेत. मग काँग्रेसच्या दहा जणांना सोबत घ्यावं लागलं. राज्यात तर १९७८ चं उदाहरण आहे. जनता पक्ष ९९ जागांसह पहिला, आणि बसला विरोधात. एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोन काँग्रेस, एक ६९ ची आणि दुसरी ६२ ची, एकत्र आल्या आणि वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. ते सरकार चार महिन्यांत पडलं ही गोष्ट वेगळी. २००४ ला राष्ट्रवादीचे ७१, काँग्रेसचे ६९. तरी मुख्यमंत्री काँग्रेसचे विलासराव देशमुख.

मग ही समजूत आली कुठून? बहुधा केंद्र-राज्य संबंध तपासायला नेमलेल्या सरकारिया आयोगाच्या अहवालाच्या अर्धवट वाचनातून. कुणालाच स्पष्ट बहुमत नसेल तर राज्यपालांनी कोणत्या क्रमाने विचार करावा, हे आयोगाने सुचवलं आहे. आधी निवडणूकपूर्व युती. मग सर्वात मोठा पक्ष, पण इतरांच्या पाठिंब्यासह. मग सगळे घटक सत्तेत येतील अशी निकालानंतरची आघाडी. शेवटी काही जण बाहेरून पाठिंबा देतील अशी आघाडी. मोठा पक्ष इथेही दुसऱ्या नंबरवर आहे. शिवाय ही शिफारस आहे, कायदा नव्हे, त्यामुळे राज्यपाल तिच्याकडे सोयीने बघतात. २०१७ ला गोव्यात ४० पैकी काँग्रेसचे १७ आणि भाजपचे १३. सरकार भाजपचं झालं. ‘मोठ्या पक्षाला आधी बोलवा’ असं तेव्हा काँग्रेस म्हणत होती. पुढच्याच वर्षी कर्नाटकात १०४ जागांवर तेच वाक्य भाजप म्हणू लागला. तिथे येडियुरप्पांना शपथ मिळाली, बहुमत जमलं नाही आणि तिसऱ्या दिवशी राजीनामा द्यावा लागला. हा फॉरवर्ड मुळात कुणी लिहिला असेल, याचं उत्तर राज्यागणिक बदलतं.

दुसरं, निकालानंतरची आघाडी. बिहार विधानसभा विसर्जनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं आहे की बहुमताचा दावा समोर असताना तो गैरमार्गाने जमवला असावा, अशा नुसत्या संशयावरून राज्यपाल तो फेटाळू शकत नाहीत. आणि आपल्याला हे नवीन आहे का? १९९९ च्या जूनमध्ये काँग्रेसमधून फुटून राष्ट्रवादी निघाली, सप्टेंबरमध्ये दोघे एकमेकांविरुद्ध लढले, ऑक्टोबरमध्ये मांडीला मांडी लावून बसले. पंधरा वर्षं बसले! जर्मनीत तर निकालानंतर वाटाघाटी करणं हाच रिवाज आहे. २०१७ ची निवडणूक सप्टेंबरमध्ये झाली, सरकार पुढच्या मार्चमध्ये आलं. तिथे करार लेखी होतो आणि छापून सगळ्यांसमोर येतो. आपल्याकडे ‘बंद दाराआड काय ठरलं होतं’ यावर वर्षानुवर्षं वाद चालतो, ही माझी खरी तक्रार.

२०१९ ला युतीला मत देऊन नंतर भलतीच आघाडी पाहावी लागली, त्या मतदाराचा राग मला मान्य आहे. काकांचाही तोच आहे, हे मला ठाऊक आहे. पण फसवणूक झाली असं म्हणणं वेगळं आणि घटना मोडली असं म्हणणं वेगळं.

तिसरं, १४५ सह्या, म्हणजे २८८ च्या विधानसभेतलं बहुमत. २०१४ ला १२२ आमदारांच्या बळावर देवेंद्र फडणवीसांनी वानखेडेवर शपथ घेतली. शिवसेना तेव्हा विरोधात होती. बहुमत नंतर सभागृहात सिद्ध झालं, तेही आवाजी मतदानाने, आणि त्यावर बरीच ओरड झाली. २०१९ ला फडणवीस-अजित पवारांच्या पहाटेच्या शपथविधीनंतर सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की मतदान उघड घ्या आणि त्याचं थेट प्रक्षेपण करा. सह्यांच्या कागदाची किंमत तेव्हाच कळली. मतदान व्हायच्या आदल्या दिवशीच सरकार गेलं. पुढे ठाकरे सरकारने १६९ मतं मिळवली, तीही शपथ झाल्यावर, सभागृहातच.

मंत्रिपदांचं झटक्यात सांगतो. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीपासून मंत्रिमंडळ विधानसभेच्या पंधरा टक्क्यांवर जाऊ शकत नाही. २८८ च्या हिशेबाने मुख्यमंत्री धरून ४३. उपमुख्यमंत्री हे पद तर घटनेत नाहीच. एक करा नाहीतर दोन करा, ते त्या ४३ मध्येच मोजले जातात.