येऊ द्या, येऊ द्या... बस!

माझ्या सासऱ्यांनी बत्तीस वर्षं एसटी चालवली. त्यातली निम्मी कुंभार्ली घाटात. अशा माणसाला शेजारी बसवून गाडी चालवणं काय असतं, ते भोगल्याशिवाय कळत नाही. गाडी माझी, लायसन्स माझं, इन्शुरन्स माझा; ब्रेक मात्र दोघांचे. माझ्याआधी दोन सेकंद त्यांचा पाय समोरच्या रबरी मॅटवर दाबला जातो, आणि मग ते मान न वळवता माझ्याकडे बघतात.

२०२४ च्या उन्हाळ्यात हे अण्णा आणि सासूबाई, म्हणजे माई, गुहागरहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे लंडनजवळच्या स्लाउला आले. लंडन दाखवून झालं. स्लाउ दाखवायला एक दुपार पुरली. "एखादं गाव दाखवा हो इथलं," माई म्हणाल्या, आणि बायकोने परस्पर कॉर्नवॉल, म्हणजे इंग्लंडचं नैऋत्य टोक, ठरवून टाकलं. समुद्र, कडे, मासेमारीची गावं. तारीख ऑगस्टच्या बँक हॉलिडेची, म्हणजे सोमवार जोडून आलेल्या सुट्टीची. ऑफिसात सांगितलं तर सगळे एकदम गंभीर झाले. गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबई-गोवा महामार्गाने निघालेल्या माणसाकडे आपण बघतो, तसे ते माझ्याकडे बघत होते.

अंतर पावणेतीनशे मैल. एरवी पाच तास, आम्हाला साडेनऊ लागले. ए-३०३ वर स्टोनहेंजपाशी रस्ता अरुंद होतो आणि जो तो दगड बघायला गाडी हळू करतो. आम्ही तर उभेच होतो. लोक तिकीट काढून जे बघतात ते आम्ही खिडकीतून चाळीस मिनिटं फुकट बघितलं. "साडेचार हजार वर्षं झाली म्हणता," अण्णा म्हणाले, "आणि अजून स्लॅब नाही पडला?"

खरा प्रसंग शेवटच्या दोन मैलांत होता. पेन्झन्सच्या पलीकडे नॅव्हिगेशनवालीने आम्हाला डावीकडे वळवलं आणि रस्ता संपला. म्हणजे तिच्या मते तो चालूच होता. एका गाडीची रुंदी, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेली हिरवीगार हेज. हेज म्हटल्यावर आपल्याला मेंदीचं कुंपण वाटतं, जरा घासलं तर काय बिघडतं. कॉर्नवॉलची हेज म्हणजे आत दगडमातीचा गडगा आणि वर गवत, फुलं, नेचे. हे मला डाव्या दाराने सांगितलं.

अण्णा मात्र खुशीत. "हा तर आमच्या आगराकडे जायचा रस्ता!" एवढ्यात समोरून गाडी आली.

इथला रिवाज असा, की ज्याच्या मागे रुंद जागा जवळ असेल त्याने मागे जायचं. जवळची जागा माझ्या मागे होती, वळणाआड. मी रिव्हर्स टाकला. अण्णांनी हात धरला. "आपण चढावर आहोत. घाटात चढणाऱ्याला आधी वाट. त्याला जाऊ दे मागे."

"अण्णा, हा घाट नाही."

"चढ आहे ना?"

मी नाही म्हणेपर्यंत ते उतरले होते. गाडीच्या मागे जाऊन, धोतराऐवजी ट्रॅकपँट सावरत, त्यांनी संध्याकाळच्या त्या शांततेत आवाज लावला. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... उजवा मारा! अहो, तुमचा उजवा!" कुंपणापलीकडच्या गायींनी माना वर केल्या. बायको मागच्या सीटवर खाली सरकली. नऊ वर्षांचा चिरंजीव व्हिडिओ काढत होता. मी दोन फूट मागे, एक फूट पुढे, असा सात मिनिटं स्टिअरिंगशी झटलो. शेवटी समोरच्या गाडीतल्या आजीबाई हसून हात हलवत्या झाल्या आणि त्यांनीच गाडी मागे घेतली. थेट दोनशे यार्ड, वळणातून, एका दमात, एक हात खिडकीबाहेर टाकून.

अण्णा ते बघत राहिले. गाडीत बसल्यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चिपळूण डेपोत घ्यायला हवी होती बाईला." माझ्याबद्दल काही बोलतील म्हणून मी वाट बघितली. बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

मुक्काम स्टॅटिक कॅरव्हॅनमध्ये होता. जुलैत शोधायला लागल्यावर ऑगस्टचं दुसरं काही उरत नाही. चाकं असलेलं, पण कुठेही न जाणारं घर. अण्णांनी वाकून चाकं तपासली आणि "ब्रेकडाउन" असा निकाल दिला. सहा माणसांची सोय म्हणजे टेबल मोडलं की पलंग, पलंग मोडला की सोफा. त्यामुळे कुणीतरी उठेपर्यंत कुणालाच चहा पिता येत नाही. भिंती पापडासारख्या. रात्री पाऊस सुरू झाला, तो थेट आमच्या कानातच. मी डोळे टक्क उघडे ठेवून पडलो होतो, आणि पलीकडून अण्णांचा तृप्त आवाज आला, "पत्र्यावर पाऊस! तीन महिन्यांत पहिली झोप लागणार बघ." लागली. पापडापलीकडून सगळ्यांना ऐकू आली.

रविवारी सेंट आइव्ह्ज. गाव सुरेखच. अरुंद गल्ल्या, बंदर, निळं पाणी. पण गाडी लावायची जागा डोंगरावर आणि जेवायची जागा रांगेच्या शेवटी, म्हणून कॉर्निश पेस्टी घेऊन धक्क्यावर बसलो. मांस, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा सलगमाचा भाऊ भरलेली मोठी करंजी. कथिलाच्या खाणीत उतरणाऱ्या मजुरांचा हा डबा. ("कथील म्हणजे कल्हईचं?" माईंनी विचारलं. तेच.) २०११ पासून या नावाला कायद्याचं संरक्षण आहे: कॉर्नवॉलमध्ये केलेली हवी आणि मुरड बाजूलाच हवी, डोक्यावर नाही. माईंसाठी चीज-कांद्याची घेतली होती. त्यांनी खाण्याआधी ती डोळ्यांजवळ नेली. "मुरड बरी घातल्ये. जरा जाड आहे, पण सुटणार नाही."

चिरंजीवाची सुटली. एक सीगल आला, पांढराशुभ्र, कोंबड्याएवढा, आणि त्याच्या हातातली अख्खी पेस्टी घेऊन छपरावर गेला. पोरगं रडायला लागलं. अण्णा मात्र त्या पक्ष्याकडे आदराने बघत होते. "आमच्याकडे कावळा पिंडाला शिवावा म्हणून तीन-तीन तास हात जोडायला लागतात. हे कुणाचे पितर असतील ते असोत, काही इच्छा राहिलेली नाही यांची."

सोमवारी बँक हॉलिडे आणि गोकुळाष्टमी एकदम आली. माईंचा कडक उपास. आणि आमचा बेत सेंट मायकल्स माउंटचा. मॅराझायन गावासमोर समुद्रात एक बेट, वर किल्ला. ओहोटीला दगडी वाट उघडी पडते, भरतीला बुडते. आपल्या हाजीअलीसारखंच. वेळापत्रक बघायला मी फोन काढला, तर अण्णांनी तो खाली करायला लावला. गुहागरच्या माणसाला भरती फोनवर बघायची म्हणजे अपमान. "आज वद्य अष्टमी. तिथीची पाऊणपट. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, बाराला पूर्ण सुकती. बाराला चला."

बाराला गेलो. समुद्र काठोकाठ. वाट नावालाही दिसत नव्हती.

नंतर मी बसून हिशेब समजून घेतला. पाऊणपटीचा आडाखा कोकण किनाऱ्याचा. तिकडे पुनवेला भरती बाराच्या आसपास येते, इथे पहाटे आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला. त्यात ब्रिटनने उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे केलेलं. म्हणजे उत्तर थोडंथोडकं नाही, बरोबर उलटं आलं होतं. अण्णांना हे पटलं नाही. "तिथी बरोबर आहे," ते म्हणाले. "समुद्र चुकलाय."

पलीकडे न्यायला होड्या होत्या. अण्णांनी भाडं विचारलं, पाचाने गुणलं आणि रुपयांत केलं. "फुकटचा रस्ता आहे खाली. सुटेल."

सुटेपर्यंत पाच तास होते. म्हणून समोरच्या टीरूममध्ये बसलो आणि माईंची सहल तिथे सुरू झाली. चहा, स्कोन नावाचे खुसखुशीत पाव, स्ट्रॉबेरी जॅम आणि क्लॉटेड क्रीम. माईंनी वाटीवरची पिवळसर खपली चमच्याने उचलली, बघितली आणि जाहीर केलं, "ही साय आहे." चूक काढायला जागा नव्हती. मंद आचेवर तापवून, निवत ठेवून, वरची काढलेली. कॉर्निश म्हणवून घ्यायला निदान ५५ टक्के स्निग्धांश लागतो. "उपासाला चालते," त्या म्हणाल्या. "स्कोन नको, साय तेवढी सांगा." वाढणाऱ्या मुलीला हे मी तीनदा सांगितलं. तिने तीनदा "फक्त क्रीम?" विचारलं.

तोवर बायकोने अण्णांना वाद समजावून दिला: डेव्हनचे लोक स्कोनला आधी क्रीम लावतात, कॉर्नवॉलचे आधी जॅम, आणि दोघे एकमेकांना अडाणी समजतात. अण्णा क्षणात कॉर्नवॉलच्या बाजूने गेले. "जॅम म्हणजे सारण, साय म्हणजे तूप. तूप वरूनच घालायचं. यात वाद कसला?"

माईंनी पहिला चमचा बशीच्या कडेला काढून ठेवला होता, बाळकृष्णासाठी. आम्ही बाहेरच्या टेबलावर होतो. सीगल आला, बशीतली साय नेली. मी उठलो, तर माईंनी हात जोडलेले. "पावला," म्हणाल्या, आणि दुसरी वाटी मागवली.

पाचनंतर वाट वर आली. शेवाळावरून पाय सांभाळत पोहोचलो तेव्हा किल्ला बंद झाला होता. अण्णा मधोमध उभे राहून आल्या वाटेकडे बघत म्हणाले, "सुटली की नाही? पाच तास लेट. आमच्याकडे याला लेट नाही म्हणत."

परतताना त्याच गल्लीत अंधारात समोरून दिवे आले. मी काही न बोलता रिव्हर्स टाकला. आरशांत बघत, एका दमात, वळणातून मागे, रुंद जागेत नेऊन उभी केली. समोरचा हात करून गेला. अण्णांचा पाय या वेळी मॅटवर दाबला गेला नव्हता. त्यांनी पुढे वाकून डॅशबोर्डवर दोनदा टकटक केलं. डबल बेल. माझा ऊर भरून आला आणि त्या भरात मी गाडी सोडली. डावीकडे खर्रकन आवाज झाला, आरसा दुमडून काचेवर आपटला.

अण्णांनी सिंगल दिली.