ब्रेक डिस्कला ग्रीस? अजिबात नको!

‘गॅरेजवाले लुटतात, ब्रेक डिस्क अर्ध्या तासात घरीच बदला’ हा फॉरवर्ड मावसभावाने मला पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘दादा, रविवारी करतोय.’ डिस्क मागवूनही झाल्या होत्या!

सगळ्यात भयंकर सल्ला आधी घेतो. ‘नव्या डिस्कवर ग्रीसचा हलका हात फिरवा, गंज धरत नाही, आवाजही येत नाही.’ अहो, डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी धातूची चकती; ब्रेकचे पॅड तिच्यावर घासतात म्हणून गाडी थांबते. तिथेच ग्रीस चोपडल्यावर ती थांबणार कशी? पॅड तेल पितात. मग डिस्क कितीही पुसा, पॅड फेकावेच लागतात. एका चाकाला जास्त लागलं तर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते. खंबाटकीच्या उतारावर असं झालं तर? उलट नव्या डिस्कवर गंज धरू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो, तोसुद्धा ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसून काढायचा असतो. ग्रीस लागतं कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) स्लाइड पिनांना, म्हणजे तो ज्यांवर सरकतो त्यांना, आणि तेही ब्रेकसाठीचंच.

‘गंज दिसला की डिस्क बाद.’ साफ खोटं. पावसात गाडी रात्रभर उभी राहिली की तांबूस थर येतोच, चार ब्रेक मारले की जातो. किमान जाडीचा आकडा बहुतेक डिस्कवरच कोरलेला असतो. जाडी मोजायचं मायक्रोमीटर लावा, डिस्क त्याखाली गेली असेल, तडा असेल, तर बदला. भावाला चाक काढून मोजायला लावलं. आकडा २० मिमीचा, डिस्क भरली २१.२. तडा नाही, थरथर नाही. म्हणजे बदलायचं कारणच नव्हतं.

‘गाडीतला जॅक पुरतो.’ मॅन्युअल उघडा: तो फक्त चाक बदलण्यापुरता. गाडी पेलून धरणारे स्टँड खाली लावल्याशिवाय कामाला हात घालू नका. ‘एकच बाजू बदला’, ‘जुने पॅड चालतील’ हेही सोडा. डिस्क जोडीनेच बदलायच्या, पॅडही नवेच.

काम घरी होतं, हे मान्य. नीट हत्यारं, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळायचा पाना) आणि सवड हवी. काही गॅरेजवाले गरज नसताना डिस्क गळ्यात मारतात, हेही खरं. पण नवे पॅड बसवताना कॅलिपरमधला पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकलावा लागतो, त्यामुळे पहिल्यांदा पेडल थेट तळाला जातं. गाडी जागची हलवण्याआधी ते कडक होईपर्यंत पंप करायचं असतं. अख्ख्या मेसेजमध्ये ही एक ओळ कुठेच नाही.