फी भरू का, आत्या?

दुपारी दुकान बंद करून पानावर बसते न बसते तोच भाचीचा मेसेज. एक जाहिरात आणि खाली तिचा प्रश्न, "आत्या, फी भरू का? उद्या शेवटची तारीख आहे." जाहिरातीत कोट घातलेला हसरा माणूस, मागे मेंदूचं चित्र आणि ही एवढी मोठी अक्षरं: सात दिवसांत सर्टिफाइड सायकॉलॉजिस्ट व्हा. घरबसल्या. शिक्षणाची अट नाही.

जेवण गेलं नाही. लिहितेय ते लांबणार आहे, वाचायचं तर वाचा.

पोर यंदा बीए झाली, मानसशास्त्र घेऊन, चांगल्या मार्कांनी. फ्रॉइड झाला, पाव्हलॉव्हचा कुत्रा झाला, सगळं झालं. पण या पदवीवर आपल्याला काय करता येतं आणि काय करता येत नाही, हे इतक्या वर्षांत एकाही मोठ्या माणसाने तिला समोर बसवून सांगितलेलं नाही. माझा भाऊ तिला विचारतो, "मग दवाखाना कधी टाकतंस?" त्याला वाटतं मुलगी डॉक्टर झाली. सांगायचं कोणी त्याला?

माझं मालवणात मेडिकल आहे, हे तुम्हाला माहीत आहे. आधी डी. फार्म., मग फार्मसी कौन्सिलची नोंदणी, मग दुकानाचा परवाना, तो भिंतीवर दिसेल असा लावलेला. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्या दिल्या की डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिल्या, सगळं वेगळ्या रजिस्टरात लिहायचं आणि ते तीन वर्षं सांभाळायचं. एका गोळीसाठी एवढं. आणि माणूस ज्याच्यापुढे बसून रडणार त्याला सात दिवस पुरे?

मला तो मुलगा डोळ्यांसमोरून हलत नाही. नाव-वाडी सांगणार नाही. मासेमारी करणारं घर. पोराच्या मानसिक आजाराचा इलाज गोव्यात बांबोळीला चालायचा. आपल्याकडे मोठं काही झालं की आपण गोव्यालाच धावतो, ते जाऊ दे. दर महिन्याला आई चिठ्ठी घेऊन गोळ्या न्यायला यायची. मग यायची थांबली. एक दिवस धाकट्याच्या तापासाठी काही घ्यायला आली तेव्हा मी विचारलं, तर चेहरा फुललेला. "ताई, माझो झील आता बरो आसा. सरांनी गोळये बंद करूक सांगल्यानी."

सर म्हणजे कोण? असाच कुठलातरी कोर्स केलेले, बाहेर समुपदेशन केंद्राची पाटी लावलेले. गोळ्या सुरू करणं किंवा थांबवणं हे त्यांचं कामच नाही. अहो, सगळं रीतसर शिकून नोंदणी झालेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसुद्धा औषध लिहून देत नाहीत! ते काम सायकियाट्रिस्टचं, म्हणजे आधी एमबीबीएस आणि वर तीन वर्षं एमडी केलेल्या डॉक्टरचं. हा फरक त्या आईला माहीत नसेल तर समजू शकते. सरांना माहीत नव्हता?

म्हणून भाचीला जे फोनवर सांगितलं तेच इथे लिहिते, तुमच्याही घरात कोणी असेल.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर बीए, मग मानसशास्त्रात एमए, आणि त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेला अभ्यासक्रम. आजवर तो मुख्यतः दोन वर्षांचा एमफिल होता, प्रवेशपरीक्षा देऊन, रुग्णालयात पेशंटसमोर बसून शिकायचा. मग परिषदेच्या रजिस्टरमध्ये नाव लागतं, नंबर मिळतो, तेव्हा ती पाटी लावायची. नव्या शैक्षणिक धोरणात एमफिल बंद झाला, पण या विषयाला यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२५-२६ पर्यंत मुदत दिली होती. पुढचं काय ते परिषदेच्या संकेतस्थळावर यंदाची यादी बघूनच ठरवायचं, कुणाच्या फॉरवर्डवर नाही. आणि दूरशिक्षणाने मानसशास्त्राची पदवी हा विषय यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या प्रवेशांपासून बंदच केलाय. ज्या मुली घर सोडून जाऊ शकत नाहीत त्यांच्यावर हा अन्याय आहे, हे मान्य. पण माणसासमोर बसून शिकायचं काम घरबसल्या कसं शिकणार?

एवढं लांब जायचं नसेल तर बाकीच्या वाटा काय कमी आहेत? कंपन्यांत एचआरकडे जाता येतं, एमए करून नेटची परीक्षा देऊन कॉलेजात शिकवता येतं, विशेष मुलांसाठीचं बीएड करता येतं, एमएसडब्ल्यू करून रुग्णालयात काम करता येतं. शाळेत समुपदेशक व्हायचं असेल तर समुपदेशनात एमए करावं. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता ठेवायचा. आपल्या जिल्ह्यात अशा शाळा-कॉलेजं किती, तुम्हीच आठवा. माझ्या ओळखीतल्या एका शाळेत हे काम पीटीच्या सरांकडे दिलंय. पीटीचे सर भले माणूस आहेत. पण दहावीत नापास झालेली पोर त्यांना काय सांगणार?

आंब्याच्या पेटीवर देवगड लिहून आत कर्नाटकचा माल निघाला तर आपण वाशीपर्यंत भांडायला जातो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा केवढं कौतुक झालं. आणि पोराला ज्याच्यापुढे बसवतो त्याला "तुमचा नोंदणी नंबर काय?" एवढं विचारायला आपली जीभ रेटत नाही!

कोणीतरी खाली लिहिणारच, की गोळ्या म्हणजे सगळं नाही, आम्हाला समुपदेशनानेच उभं केलं. असेल. माझ्या ओळखीतही आहेत अशी माणसं. त्यांना चांगलं शिकलेलं माणूस भेटलं म्हणून.

त्या मुलाला नाही भेटलं. गोळ्या सुटल्यावर थोडे दिवस खरंच बरा वाटला, मग झोप गेली. रात्ररात्र बोलत बसायचा. ऐन पावसात, बंदरात सगळ्या बोटी बांधलेल्या असताना, हा मध्यरात्री एकटा होडी सोडायला निघाला. जेट्टीवरच्या पोरांनी धरला म्हणून वाचला. रातोरात गाडी करून बांबोळीला नेला. गाडीभाडं कर्ज काढून दिलं. सरांनी फी परत केली का, असं मी त्या आईला विचारलं नाही. ती मात्र मलाच विचारत होती, "ताई, माझा काय चुकला?"

हे मी भाचीला आजच पहिल्यांदा सांगितलं. मग ती बराच वेळ गप्प, आणि मग हळूच म्हणाली, "पण आत्या, सात हजारच आहेत. एमएला मुंबईत राहायचं म्हणजे..." तिथे माझा सगळा राग उतरला. पावसात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीच्या फेऱ्या बंद, भावाची होडी वर ओढून झाकलेली, घरात पैसा नाही. मुलगी सगळ्यांचा विचार करून स्वस्तातला रस्ता शोधत होती. मूर्ख नाहीये ती. कोट घातलेल्या त्या माणसाला नेमकी अशीच मुलं हवी असतात, गरजू आणि चांगली.

भावाशी संध्याकाळी बोलले. आधी चिडला, "अजून किती वर्षं शिकतली?" म्हटलं, दवाखाना टाकायला निघाला होतास ना, मग एवढी वर्षं धर. पहिल्या वर्षाचं मी बघते. तो काही बोलला नाही, म्हणजे हो.

तर आता तुमच्याकडे काम. कलिना किंवा ठाण्याच्या बाजूला मुलींसाठी परवडणारं, बऱ्या लोकांचं हॉस्टेल माहीत असेल तर कळवा. क्लिनिकल किंवा समुपदेशनाच्या वाटेने गेलेलं कोकणातलं कोणी ओळखीत असेल तर तिला अर्धा तास फोनवर द्या, खर्चाचंही खरं सांगा. इनबॉक्स करा, रात्री साडेनऊनंतर बघते, त्याआधी दुकानात गर्दी असते.