‘बुगडी’तला म्हातारा तिचा नवरा नाही, बाप आहे

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. माहेरच्या ग्रुपवर, भिशीच्या, सोसायटीच्या आणि जुन्या शाळेच्या. ‘बुगडी माझी सांडली गं, या गाण्याचा खरा अर्थ कळला तर डोळ्यांत पाणी येईल’ अशी त्याची सुरुवात. मी सहसा अशा गोष्टींना उत्तर देत बसत नाही. पण सांगलीत कॉलेजला असलेल्या माझ्या भाचीचा फोन आला, की त्यांच्या स्नेहसंमेलनातून मुलींनी हे गाणं काढून टाकलं. का, तर ‘मावशी, ते म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेल्या मुलीचं रडगाणं आहे, त्यावर नाचायचं म्हणजे कसंतरीच वाटतं.’ मग मात्र मला राहवेना.

गाण्याचं ध्रुपद असं, ‘बुगडी माझी सांडली गं, जाता साताऱ्याला, चुगली नगा सांगू गं, माझ्या म्हाताऱ्याला’. मेसेज ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी तोही थोडक्यात सांगते. गरीब घरातली कोवळी पोर म्हाताऱ्याला दिलेली आहे, तोच गाण्यातला ‘म्हातारा’. बुगडी म्हणजे दागिना नसून तिचं शील. सातारा म्हणजे छत्रपतींची गादी, म्हणजे ती न्याय मागायला निघालेली. ‘चुगली नका सांगू’ ही भेदरलेल्या बाईची विनवणी. आणि शेवटी मुद्दा असा, की ज्यांनी गीतरामायण लिहिलं ते गदिमा उगाच थिल्लर गाणं लिहितील का? तेव्हा हे गाणं म्हणजे बाला-जरठ विवाहाविरुद्धचा छुपा आक्रोश आहे.

आता एकेक बघू.

आधी म्हातारा. या मेसेजचा सगळा डोलारा या एका शब्दावर उभा आहे, आणि तो पाडायला बाहेरचा पुरावा लागतच नाही. गाणं ध्रुपदापाशी न थांबता पुढं ऐकलं तरी पुरे. शेजारी एक तरुण राहतो, तो हिच्याकडं टकमक बघतो, मग एक दिवस पैरण, फेटा आणि पाठीवर शेमला अशा थाटात घरी येतो. आणि मग ओळ येते, ‘घरात नव्हते तेव्हा बाबा, माझा मजवर कुठला ताबा’. बाबा! नवरा घरात नव्हता असं ती म्हणत नाही. घरात जे नव्हते आणि ज्यांच्या कानावर हे जाऊ नये असं तिला वाटतं, ते तिचे बाबा आहेत. गाण्यात नवरा कुठंच नाही. सासू नाही, दीर नाही, सासरचा उंबरा नाही. ही बापाच्या घरात राहणारी, लग्न न झालेली मुलगी आहे.

यावर एका ग्रुपवर मला विचारलं, की बापाला कोणी ‘माझा म्हातारा’ म्हणतं का? अहो, आमच्या भागात दुसरं काय म्हणतात? विटा, तासगाव, कराड, कुठंही पारावर बसा. ‘म्हाताऱ्यानं पैसं दिलं न्हाईत’, ‘आमचा म्हातारा लई कडक’, हे वयात आलेली पोरं बापाबद्दलच बोलत असतात. बाप पन्नाशीचा असला तरी म्हाताराच. हां, संसार मुरलेल्या बायका नवऱ्यालाही ‘आमचं म्हातारं’ म्हणतात, ते मला मान्य आहे, आमची आजीच म्हणायची. म्हणून नुसत्या ध्रुपदावरून घोटाळा होऊ शकतो. पण कडव्यातल्या ‘बाबा’नं तो मिटतो. आणि गंमत बघा, कडव्यात ‘बाबा नव्हते’ असा आदर आहे आणि मैत्रिणींशी बोलताना ‘म्हातारा’ आहे. समोर अहो-जाहो आणि पाठीमागं म्हातारा, ही आमच्याकडची जित्या घरातली रीत गदिमांनी जशीच्या तशी उचलली आहे.

त्यातच दुसरी खूण आहे. ‘नगा सांगू गं’. ‘नगा’ म्हणजे ऐकणाऱ्या एकापेक्षा जास्त, आणि ‘गं’ म्हणजे त्या सगळ्या बायका-मुली. ही नदीवर किंवा आडावर जमलेल्या मैत्रिणींत केलेली कुजबुज आहे. भेदरलेली बाई घडलेला प्रकार चार जणींना एवढ्या रंगवून सांगत नाही. हिला तर सांगायचंच आहे. ‘कुणाला सांगू नका’ म्हणत म्हणत ती कडव्यामागून कडवं सगळं सांगून टाकते. मेसेजमध्ये ‘नगा’चं ‘नका’ केलंय आणि ‘गं’ गाळलाय. दोन अक्षरं बदलली आणि मैत्रिणींचा घोळका नाहीसा झाला, उरली एकटी विनवणारी बाई.

जरठविवाहाचं चित्र लोकांच्या डोक्यात येतं कुठून, तेही मला कळतं. मराठी माणसाच्या कानात ‘म्हातारा’ हा शब्द गाण्यात आला की एक जुना सूर जागा होतो. ‘म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान’. ते पद ‘संगीत शारदा’तलं, 1899 च्या नाटकातलं, आणि ते लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल आमच्या सांगलीजवळच्या हरिपूरचे. कोवळ्या पोरीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधण्याचा तो खरा आक्रोश होता, आणि देवलांनी तो छुपा ठेवला नव्हता, भर रंगमंचावर नाव घेऊन मांडला होता. ज्याला तो विषय हवा असेल त्यानं शारदा वाचावी. साठ वर्षांनी आलेल्या तमाशापटातल्या लावणीत तो शोधायला जाऊ नये.

आता बुगडी. इथं मला थोडं सविस्तर बोलायचंय, कारण माझं बालपण बुगड्यांत गेलं. वडिलांचं विट्याला सोन्याचं छोटं दुकान होतं. विट्याची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यानं देशभर पांगली, आमचे वडील मात्र गावातच राहिले. शाळा सुटली की मी दुकानात. बुगडी कानाच्या खालच्या पाळीत नसते, वरच्या कडेला असते, त्यासाठी तिथं वेगळं टोचावं लागतं. पुढं मोत्यांची लहानशी गुंडी, मागं बारीक मळसूत्र आणि त्यावर फिरकी. ही फिरकी वर्षानुवर्षं वापरून झिजते. पदर ओढताना, केस विंचरताना, झोपेत कूस बदलताना ती सैल होते आणि बाईला पत्ताही लागत नाही. संध्याकाळी आरशात बघते तर एक कान मोकळा.

मला एक बाई अजून आठवते. भर उन्हाळ्यात डोक्यावरचा पदर गच्च कानावर धरून दुकानात आली. वडिलांनी पाणी दिलं, ते पितानाही तिनं पदर सोडला नाही. दुकानात दुसरं गिऱ्हाईक होतं ते जाईपर्यंत थांबली. मग पदर सरकवून उजव्या कानातली बुगडी काढली आणि गादीवर ठेवली. ‘हिच्यासारखी एकच करून द्या. जोडी न्हाई. एकच.’ वडिलांनी कुठं पडली, कशी पडली, काही विचारलं नाही. चिमट्यात धरून त्यांनी ती उन्हाकडं फिरवली, मोती मोजले, वजन केलं. बाई म्हणाली, ‘घरात कळाय नगं.’ वडील म्हणाले, ‘मोती जुनं आहेत, रंग जुळायला दोन दिवस लागतील.’ ते दोन दिवस तिनं पदराखाली कसे काढले असतील ते तिलाच ठाऊक.

म्हणून मला ‘बुगडी म्हणजे शील’ हे वाचलं की राग येतो. बुगडी हरवणं हीच केवढी मोठी गोष्ट आहे! ती सोन्याची आहे, बापानं किंवा आईनं पोटाला चिमटा काढून केलेली आहे, आणि ती नसली की चारचौघांत दिसते. कंबरेचा छल्ला हरवला तर साडीत झाकतो. कानाचं झाकत नाही. गाण्यातल्या मुलीची पंचाईत नेमकी हीच आहे. शेजाऱ्याबरोबर गेल्याचं कोणी बघितलं नसेलही, पण घरी गेल्यावर मोकळा कानच बोलणार. हरवलेला दागिना हीच पहिली चुगली. तिला गुप्त अर्थ चिकटवला की ही सगळी धडधड जाते.

यात सूचकता नाही असं माझं म्हणणं नाही. लावणी आहे, तिच्यात आडपडदा असणारच. बुगडी साताऱ्याला जाताना कशी सांडली, ते गाणं सांगत नाही, आणि ऐकणारा ओठांत हसतो. पण हे हसू यायला बुगडी बुगडीच राहावी लागते. कोणी येऊन ‘बुगडी बरोबर शील’ असं गणितासारखं लिहून दिलं, की हसूही संपलं आणि बुगडीही.

‘सांडली’ या शब्दावरही मेसेजमध्ये एक वाक्य आहे, की सांडणं म्हणजे टाकून देणं, त्यागणं. जुन्या मराठीत तो अर्थ आहे, संतांच्या अभंगांत ‘सांडोनी’ भेटतं. पण खेड्यातली पोर अभंगाच्या भाषेत बोलत नाहीये. तिच्या तोंडी ‘सांडली’ म्हणजे पडली, हरवली. आमच्याकडं पैसं सांडतात, किल्ली सांडते, पोराचं दप्तर सांडतं.

सातारा का, याचं उत्तर तर गाण्याच्या वीणेतच आहे. साताऱ्याला, म्हाताऱ्याला, इशाऱ्याला, निखाऱ्याला. सगळं गाणं या एका यमकाच्या खुंटीला टांगलंय. ती सांगलीला किंवा कोल्हापूरला गेली असती तर गाणं पहिल्या ओळीलाच अडलं असतं. शिवाय गदिमांना साताऱ्यापर्यंत जायला कुठली गादी आठवायची गरज नव्हती. त्यांचा जन्म 1919 सालचा, आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचा, गाव माडगूळ. तो मुलूख तेव्हा औंध संस्थानात होता, त्यांचं शिक्षण औंधाला झालं, आणि ते औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. संस्थानं गेल्यावर 1949 साली आमचा जिल्हा झाला त्याचं नावच दक्षिण सातारा, ‘सांगली’ हे नाव 1960 साली मिळालं. म्हणजे हे गाणं आलं त्या 1959 साली माडगूळचा पत्ता लिहिताना जिल्ह्याच्या जागी साताराच लिहावं लागत होतं. या मुलखातल्या माणसाच्या तोंडी सातारा हा कोर्टकचेरीचा, बाजाराचा, नटूनथटून जायचा गाव. न्याय मागायला निघालेली बाई शेजारच्या फेटेवाल्याला बरोबर घेऊन जात नसते.

उरला गीतरामायणाचा मुद्दा, आणि तो मला सगळ्यात जास्त लागला. तो गदिमांचा मान ठेवतोय असं वाटतं, पण त्यात त्यांचा मान नाही. गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून 1955 च्या एप्रिलपासून वर्षभर चाललं, छप्पन्न गीतं. त्यानंतर तीन वर्षांत अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला, त्यात वसंत पवारांच्या चालीवर, आशाबाईंच्या आवाजात ही लावणी आली आणि पडद्यावर जयश्री गडकर नाचल्या. पुण्याच्या विजयानंदला हा सिनेमा सव्वाशेहून जास्त आठवडे चालला. सीतेचा शोक आणि या पोरीची धिटाई एकाच हातानं लिहिली, यातच त्या हाताची थोरवी आहे. माणदेशाच्या मातीत ओवीही कानावर पडते आणि ढोलकीही. त्यांनी दोन्हींना तेवढ्याच मनापासून शब्द दिले. ‘वितळू लागे लोणी, बघता निखाऱ्याला’ ही ओळ लिहिणाऱ्याला कोणी सोडवायला जायला नको. आईनं मुलीला ‘लोणी आणि विस्तव जवळ ठेवू नये’ म्हणून दिलेली तंबी त्यांनी मुलीच्याच तोंडी घातली, तीही तिनं ती मोडल्यावर. एवढं साधं आणि एवढं नेमकं किती जणांना जमतं?

एकदा डोळे मिटून नुसता आवाज ऐका. आशा भोसले जन्मानं सांगलीच्या. त्या ‘चुगली’ म्हणतात तेव्हा त्या आवाजात भीती आहे का? लाडीगोडी आहे, थोडी धाकधूक आहे, आणि बरंचसं हसू दाबलेलं आहे. ढोलकीही कुठं रडत नाही. दुःख सांगायचं असतं तर वसंत पवारांना ते येत नव्हतं थोडंच.

मला या मेसेजचं वाईट वाटतं ते याचंच, की मराठी गाण्यांत रडणाऱ्या मुली पुष्कळ आहेत, सोसणाऱ्या आहेत, वाट बघणाऱ्या आहेत. स्वतःच्या मनानं एक दिवस काढून आलेली, घाबरतही हसणारी, मैत्रिणींना सांगताना रंगात येणारी अशी मुलगी क्वचित भेटते. तिलाही आपण बळजबरीनं म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरात नेऊन बसवलं. जे गाण्यात तिच्या बाबतीत घडलं नाही ते लाखभर मोबाईलवर आपण घडवलं.

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगितलं. तिनं मैत्रिणींना बसवून पूर्ण गाणं ऐकवलं, ‘बाबा’च्या ओळीला दोनदा मागं घेऊन. गाणं परत आलंय. काल ती विट्याला येऊन आईची बुगडी मागून बघून गेली, पण तिचा कान वर टोचलेला नाही, त्यामुळं मळसूत्राची चढेना. आता दाबाची घेणार आहे. मी म्हटलं, ‘ती नाचताना निसटते हं.’ तर म्हणाली, ‘सांडू दे की मावशी.’