दाजींचा कट

बहिणीच्या नवऱ्याच्या विनोदाला हसणं हे मेहुण्याचं कर्तव्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. आमचे दाजी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले. रविवारी तांबड्या-पांढऱ्याला बोलावतात. मटण झकास असतं, विनोदही वाईट नसतात. दुखणं पुढं आहे. विनोद संपला की ते ताटावरनं मान वर करून विचारतात, "कळला काय, पाव्हणं?" आणि उत्तराची वाट न बघता समजावून सांगायला लागतात.

परवाचाच घ्या. "फौजदारसाहेब कटवडा खायला गेलं. आतनं आचारी वरडला, 'मालक, कट शिजलाय!' साहेबांनी लगीच बेड्या काढल्या."

मी हसणारच होतो. तोंडातला घास तेवढा खाली उतरायचा होता. तेवढ्यात, "म्हंजे बघा, एक कट वड्यावरचा, आन दुसरा कट..."

झालं. संपलं.

यात मेंदूवर मोठा अन्याय होतो. कटवडा ऐकल्याबरोबर तो रस्सा धरून बसलेला असतो. बेड्या आल्या की अडखळतो. वाक्यात न बसणारा शब्द आला की साधारण 400 मिलिसेकंदांनी मेंदूत एक ठरावीक विद्युत लहर उमटते, हे कुटास आणि हिलयार्ड या संशोधकांनी 1980 साली दाखवलं. विनोदात मेंदू तिथं थांबत नाही. मागं जाऊन दुसरा अर्थ हुडकतो आणि बेड्यांचा मेळ बसवतो. आधी विसंगती, मग तिची उकल, अशी ही दोन पायऱ्यांची मांडणी मानसशास्त्रज्ञ जेरी सल्स यांनी 1972 मध्ये केली होती. यातली दुसरी पायरी माझी होती. ती दाजींनी चढून दाखवली.

गोयल आणि डोलन या दोघांनी 2001 साली लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून विनोद ऐकवले. (तिथं झोपून हसणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं.) अर्थावरचे विनोद आणि शब्दांच्या नादावरचे विनोद मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी गेले, पण मजा किती आली याची नोंद कपाळामागच्या खालच्या, मधल्या भागात झाली. म्हणजे कळण्याचं खातं वेगळं आणि मजेचं वेगळं. दाजी पहिल्या खात्यात दोनदा भरणा करतात, दुसऱ्यात खडखडाट. तेव्हा 'कळला, पण हसू आलं नाही' हे उत्तर पूर्ण शास्त्रशुद्ध आहे. जावयाला देता येत नाही, एवढंच.

मग खोटं हसायचं. त्यातही गोची आहे. ओठांचे कोपरे हुकमानं वर जातात, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू सहसा हुकूम मानत नाही, हे ड्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं 1862 सालीच लिहून ठेवलंय. दाजींनी ड्युशेन वाचलेला नाही, तरी त्यांची नजर पक्की. "डोळं हसलं न्हाईत तुमचं. थांबा, परत सांगतो."

शेवटी गेल्या रविवारी धीर करून त्यांना हे सगळं सांगितलं. "मेंदू एका अर्थावर बसलेला असतो, दाजी. शेवटच्या शब्दाला झटक्यात उलटतो. ते उलटणं ज्याचं त्यानं करायचं असतं."

दाजींनी नळी चोखून ताटात ठेवली. "म्हंजे खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी! एवढ्यासाठी माणसं मशिनीत घातली व्हय? गंगावेशीत इचारलं असतं तर दूध पिता पिता सांगितलं असतं की कुणीबी."

पोरं फुटली. मीही हसलो, अगदी डोळ्यांसकट. दाजी खुलले, पुढं सरकले. "कळला काय? म्हंजे खटका म्हंजे हितं शेवटचा शब्द, आन पलटी..."

आतनं ताईचा आवाज आला, "मी कुठं हसलो? ठसका लागलाय मला. तुम्ही सांगत बसू नका."