'मास्तर असताना कोच कशाला?' : सरांच्या प्रतिक्रियेला माझं उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली, एकदा ऑफिसात, एकदा बसमध्ये आणि मग रात्री जेवण झाल्यावर परत. आधी दोन ओळीत उत्तर देणार होते पण तुम्ही एवढं मनापासून लिहिलंय तर मीपण नीटच लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्पर्धा परीक्षेत अपयश आल्यावर लाइफ कोचकडे, म्हणजे फी घेऊन प्रश्न विचारत आपल्याला आपला पुढचा रस्ता शोधायला मदत करणाऱ्या माणसाकडे जाऊन मला कसा फायदा झाला हे मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर सरांचं म्हणणं असं की ३४ वर्षं शाळेत शिकवलं, शेकडो पोरं घरी येऊन रडली, त्यांना समजावलं, एक रुपया घेतला नाही, आता त्याच गप्पांचे तासाला पैसे घेतात आणि त्याला कोचिंग म्हणतात. दुसरं म्हणजे त्यांच्या मुलाने तीन दिवसांच्या एका शिबिराला १८ हजार भरले, तिथे टाळ्या वाजवून नाचायला लावलं आणि शेवटच्या दिवशी पुढच्या लेव्हलसाठी सव्वा लाख मागितले. आणि शेवटी विचारलंय, या सगळ्याला पुरावा काय, आणि त्या कोचने तुम्हाला अधिकारी केलं का?

सर, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. नाही केलं. मी अधिकारी झाले नाही. आणि मला वाटतं खरं बोलणं इथूनच सुरू होतं.

मुलाच्या शिबिराबद्दल वाचून वाईट वाटलं आणि रागही आला. त्याचा यात काही दोष नाही, माणूस खचलेला असताना कुणी 'तू करू शकतोस' असं जोरात ओरडून सांगितलं की बरं वाटतंच. पण सर, तीनशे माणसं हॉलमध्ये बसवून माइकवर ओरडणं याला मी कोचिंग म्हणतच नाही, ती विक्री आहे. जो आपल्याला एकही प्रश्न विचारत नाही, आपल्या घरची परिस्थिती ज्याला माहीत नाही, आणि ज्याच्याकडे प्रत्येकासाठी एकच उत्तर आहे ते म्हणजे पुढची लेव्हल, तो कोच कसा? यात तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे की आपल्याकडे कुणीही उद्या कार्ड छापून लाइफ कोच होऊ शकतो, त्याला अडवणारा कायदा नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, कोचला तसं काही लागत नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन म्हणून एक संस्था आहे, १९९५ साली अमेरिकेत सुरू झालेली, ती सर्टिफिकेट देते, पण ती खाजगी संस्था आहे, सरकारी नाही. तिच्या सगळ्यात खालच्या पायरीला ६० तासांचं शिक्षण आणि १०० तास प्रत्यक्ष कोचिंग केलेलं लागतं, त्याच्या वरच्याला ५०० तास, सगळ्यात वरच्याला २५००. हे माहीत असलं की निदान समोरच्याला विचारता तरी येतं, तुमचे किती तास झाले, कुणाकडे शिकलात. उत्तर देताना जो चिडतो त्याच्याकडून उठून यावं.

माझी कोच याच १०० तासांच्या वाटेवर होती म्हणून मला परवडली. त्या तासांपैकी ७५ तास तरी पैसे घेऊन केलेले असावे लागतात, म्हणून ती नवीन लोकांकडून अगदी थोडी फी घ्यायची. माझ्याकडून सेशनला ५०० रुपये, पाच महिन्यांत नऊ सेशन, सगळे मिळून ४५०० झाले. तुम्हाला जाहिरातीचा वास आला म्हणून आकडा सांगितला, तिचं नाव मी लेखातही दिलं नव्हतं आणि इथेही देणार नाही.

आता तुमचा मुख्य मुद्दा, की हे काम मास्तर, मामा, शेजारी फुकट करायचे. सर, करायचे, आणि फार चांगलं करायचे, मीसुद्धा तासगावजवळच्या एका खेड्यातल्या शाळेतल्या बाईंमुळेच पुढे शिकले. पण माझी वेळ आली तेव्हा काय झालं ते सांगते. २०१५ला मी पुण्यात आले, नवी पेठेत कॉट बेसिसवर, सकाळी सातला अभ्यासिका, रात्री अकराला परत. करोनात १४ मार्च २०२१ ची राज्यसेवा पूर्व परीक्षा पुढे गेली आणि २१ मार्चला झाली ती मी पास झाले, मुख्य पण दिली, आणि निकाल लागला तेव्हा मी ४ मार्कांनी बाहेर. चार. याआधीही एकदा मुख्यमधूनच गेले होते. त्यानंतर मला सल्ला देणाऱ्यांची कमी नव्हती हो. मामा म्हणाले लग्न कर, दादा म्हणाला बँकेची दे, रूममेट म्हणाली अजून एकदाच, आई काहीच म्हणायची नाही पण फोनवर तिचा आवाज बदललेला कळायचा. आणि यातल्या प्रत्येकाचं माझ्यावर प्रेम होतं, म्हणूनच प्रत्येकाचं माझ्या उत्तरात काहीतरी अडकलेलं होतं, मी थांबते म्हणाले असते तर बाबांना सात वर्षांचा खर्च आठवला असता, मी परत देते म्हणाले असते तर आईची झोप उडाली असती. मग मी प्रत्येकाला त्याला सोसेल ते उत्तर द्यायचे. स्वतःला काय हवंय ते कुणाला सांगायची सवयच गेली.

तुमच्याकडे जी पोरं येऊन रडली ना सर, ती नशीबवान, कारण तुम्ही घरचे नव्हता आणि परकेही नव्हता. पुण्यात त्या खोलीत माझ्याकडे असं कुणी नव्हतं, आणि अशी हजारो पोरं-पोरी आजपण त्या पेठांमध्ये राहतायत.

पहिल्याच सेशनला मी झोप लागत नाही, जेवण जात नाही, तीन आठवडे असंच चाललंय असं सांगितलं तर ती म्हणाली की आपण आज पुढे जायचं नाही, आधी डॉक्टरांना दाखव. मला राग आला होता, पैसे देऊन आले आणि ही दुसरीकडे पाठवतेय. पण मी गेले, मानसोपचारतज्ज्ञांनी दोन महिने गोळ्या दिल्या, झोप परत आली. ज्या कोचला आपलं काम कुठे संपतं हे कळत नाही त्याच्यापासून खरा धोका आहे, आणि हे मी मागच्या लेखात लिहायला हवं होतं, ती चूक माझी. कुणाला आत्ता असं होत असेल तर १४४१६ हा टेली मानसचा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ला सुरू झालेला, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. कोच नंतर बघा.

मग नेमकं तिने केलं काय? सल्ला एकही दिला नाही. तिसऱ्या का चौथ्या सेशनची गोष्ट. पंखा जोरात फिरत होता आणि रूममेट बाहेर गेलेली. तिने विचारलं, शून्य ते दहामध्ये आत्ता तू कुठे आहेस, म्हणजे पुढचं काही करता येईल असा भरवसा किती वाटतो? मी म्हटलं तीन. मला वाटलं आता विचारेल दहा का नाही, कारण आयुष्यभर सगळ्यांनी तेच विचारलं. तिने विचारलं, "दोन का नाही?"

मी गप्प. तीपण गप्प. मिनिटभर तरी कुणी बोललं नाही. मग माझ्या तोंडून निघालं की गुरुवारी मी रूमवरच्या पोरींना जमीन महसूल शिकवते, सातबारा, फेरफार, आणि त्या म्हणतात क्लासपेक्षा तुझं कळतं. हे मी कुणाला सांगण्यासारखं समजलेच नव्हते. सात वर्षांत मी जे शिकले ते वाया गेलं असंच माझ्या डोक्यात होतं आणि इथे मीच सांगत होते की ते वापरात आहे. ती फक्त एवढंच म्हणाली, हे अजून कुणाच्या उपयोगाचं आहे? आणि मला आमची बाग दिसली.

आमची द्राक्षबाग आहे सर, दोन एकर. एक्सपोर्टचा माल द्यायचा तर ग्रेपनेट म्हणजे एक्सपोर्टच्या द्राक्षांसाठीच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर प्लॉटची नोंदणी, सातबारा, फवारणीची नोंदवही, औषधांच्या अंशाचा रिपोर्ट, एवढे कागद लागतात आणि बाबांसारखे कितीतरी जण तिथेच अडतात. आज मी एका शेतकरी उत्पादक कंपनीत हेच काम करते. अधिकारी नाही, पण वडिलांच्या वयाची माणसं पिशवीतून कागद काढून माझ्यासमोर ठेवतात आणि जाताना त्यांची नोंदणी झालेली असते.

हे एका प्रश्नात झालं असं समजू नका. नोकरी शोधायचं ठरवलं तरी दोन आठवडे मी एक फोन केला नाही. मग तिने फोन नक्की कधी, कुठे उभी राहून करणार आहेस हे विचारलं. आम्ही ठरवलं, मेसवरून परत येताना झेरॉक्सच्या दुकानाशी पोचले की तिथेच थांबून एक फोन, आणि उचलला नाही तर लगेच मेसेज टाकायचा आणि नाव उद्याच्या कागदावर. मला हे बालिश वाटलं होतं. चौदा फोन झाले, दोघांनी बोलावलं. नंतर वाचलं तर याच्यावर पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं काम निघालं, 'अमुक झालं की तमुक करीन' असं आधीच ठरवून ठेवलं तर नुसत्या निश्चयापेक्षा ते जास्त पार पडतं, त्याने आणि पास्कल शीरन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने २००६ साली अशा ९४ चाचण्या एकत्र करून बघितल्या आणि परिणाम चांगलाच दिसला.

पुराव्याचं विचारलंत म्हणून अजून. सिडनी विद्यापीठातल्या अँथनी ग्रँट यांनी २००३ला लाइफ कोचिंगवर जो अभ्यास केला त्यात माणसं होती फक्त २० आणि तुलनेला दुसरा गटच नव्हता, त्यामुळे तो फार ताणू नये. २००६चा त्यांचाच सहकाऱ्यांबरोबरचा अभ्यास जास्त बरा, ५६ लोक, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट, एकाला दहा आठवडे ग्रुपमध्ये कोचिंग आणि दुसरा वेटिंगवर, त्यात पहिल्या गटाची ध्येयाकडे जास्त वाटचाल झाली. आणि २०१४ला ऑफिसांमधल्या कोचिंगचे १८ अभ्यास एकत्र तपासले तेव्हाही फायदा दिसला, सगळ्यात जास्त ध्येयाच्या दिशेने स्वतःला चालवण्यात. म्हणजे पुरावा आहे, डोंगराएवढा नाही, आणि जो कुणी १०० टक्के रिझल्टची गॅरंटी देतो तो या कशाच्याच आधारावर बोलत नाही.

एक गोष्ट मात्र कुठलाही कोच करू शकत नाही, जागा वाढवू शकत नाही. लाखो अर्ज आणि काहीशे पदं, यात बहुतेक पोरं बाहेर राहणारच, कितीही हुशार असली तरी. अशा पोराला 'तुझा माइंडसेट कमी पडला' म्हणणं हे मला क्रूर वाटतं आणि असं बोलणाऱ्यांशी मी भांडते. माझ्या कोचने एकदाही तसं म्हटलं नाही.

पैशाबद्दल शेवटचं. बाबा दरवर्षी द्राक्ष सल्लागाराला व्हिजिटचे पैसे देतात, आणि बाबांना बागेतलं कमी कळतं म्हणून नाही हो. तो बागेत फिरतो, पान उलटं करून बघतो, काडी मोडून बघतो, बाबा रोज बघून जे बघायचे थांबलेत ते त्याला दिसतं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बाग बघितली तर ओंडके उभे केल्यासारखी दिसते, नवीन माणसाला वाटेल संपली, पण पुढच्या फुटीत, त्याच काडीच्या डोळ्यात पुढच्या वर्षीचा घड धरत असतो आणि वरून काही कळत नाही. तेव्हा कुणीतरी जाणता नीट बघायला लागतो. तो फुकट भेटला तर उत्तमच, तुमच्यासारखा भेटला तर अजून उत्तम. नाही भेटला तर ५०० रुपये देण्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

मुलाबद्दल तुम्ही लिहिलंय की तो आता घरात कुणाशी बोलत नाही, ते वाचून मला माझी ती खोली आठवली. त्याची झोप, जेवण कसं चाललंय तेवढं आधी बघा, त्यात गडबड वाटली तर डॉक्टर. बाकी माझी वही अजून आहे माझ्याकडे, नऊच्या नऊ सेशनचे प्रश्न आणि मी तेव्हा लिहिलेली उत्तरं. त्यातली पानं कुणाला दाखवली नाहीत आजवर. त्याला आधी विचारा चालेल का, तुम्ही म्हणताय म्हणून नको, त्याला वाटलं तरच. हो म्हणाला तर मला ईमेल करा, फोटो काढून पाठवते.

तुमची,
तासगावची एक विद्यार्थिनी