झोपलेला बोर्डही बॅटरी पितो!

गच्चीवरच्या टाकीचा सेन्सर पुन्हा मेला. दर पंधरवड्याला तेच! शिडी लावा, डबी उघडा, सेल चार्जिंगला लावा. सेन्सर चालवणाऱ्या बोर्डावरची ईएसपी३२ ही छोट्या संगणकासारखी चिप डीप स्लीपमध्ये, म्हणजे गाढ झोपेत, जेमतेम १० मायक्रोअँप घेते. २५०० एमएएचचा सेल महिनोन् महिने पुरायला हवा ना? पण बोर्डावरचा तो एएमएस१११७ रेग्युलेटर, म्हणजे चिपला ठराविक व्होल्टेज पुरवणारा भाग! काही काम नसताना एकटाच ५ मिलिअँपच्या आसपास, म्हणजे झोपलेल्या चिपच्या पाचशेपट, गिळतो. वर लाल एलईडी, रात्रंदिवस चालूच. बंद डबीत कोणाला दाखवायचाय तो उजेड? काल तो एलईडी चिमट्याने उपटूनच काढला, खालच्या तांब्याच्या पॅडसकट निघाला. अरे, जाहिरातीत ‘बॅटरीवर चालतो’ म्हणता, तर चार पैसे जास्त घ्या, पण रेग्युलेटर तरी धड लावा!